उपासाची रताळी आणि आमचं जाडं कुत्रं

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी न लाजता सांगतो. बी.एस्सी. झालो, बेळगावात नोकरी लागली, आणि निपाणीतल्या आमच्या गल्लीनं धरूनच टाकलं की कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मला येतं. सन ऐंशीच्या सुमारास पहिला मोठा प्रश्न आला तो आमच्या कुत्र्याचा.

ते लई जाडं झालं होतं. बसलं की पोत्यासारखं पसरायचं. गल्लीतल्या बाया दारात विड्या वळत बसायच्या, हे प्रत्येकीपुढं जाऊन उभं राहायचं. दारात आलेल्याला मोकळं कसं पाठवायचं? दर दाराला भाकरीचा तुकडा! माझे वडील, आप्पा, तंबाखूच्या वखारीवर राखणीला होते. संध्याकाळी कुत्रंही राखणीला त्यांच्यासोबत निघायचं, पण आता निम्म्या वाटेत फतकल मारायला लागलं. वखारीच्या मालकानं सांगून टाकलं, "तंबाखूच्या हंगामाच्या आत हे नीट चालायला लागलं तर ठीक, न्हायतर मी दुसरं कुत्रं आणतो." त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत.

मी बेळगावात जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "भाकरी कमी करा आणि चघळायला काहीतरी हलकं द्या. तोंड चालू राहिलं की मागणं कमी होतं." बसमध्ये सगळी वाट मी तेच घोळवत होतो. हाडूक? त्यात चरबी. खोबरं? त्यात तेल. ऊस? ती तर नुसती साखर.

घरी येऊन सांगितलं, तर आईनं दारातच निकाल लावला. "उपासाचं द्या की! मानसाला हलकं पडतंय, मग कुत्र्याला न्हाय व्हय?"

मला तर ते शंभर टक्के पटलं. पुढच्या शनिवारी बेळगावच्या बाजारातून पिशवी भरून रताळी आणली. आईनं ती उकडून, चकत्या करून पत्र्यावर वाळवली. चामड्यासारखी चिवट! कुत्रं चकती पुढच्या दोन पायांत धरून चघळत बसायचं आणि अख्खी गल्ली बघत राहायची. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "माझ्यापरास कडक उपास करतंय गं हे!" आणि उपासाचाच म्हणून त्यांनी शेंगदाण्याचा लाडूही चारला.

सुरुवातीला आम्ही कुत्र्याला वखारीतल्या तंबाखू तोलायच्या काट्यावर चढवलं होतं. काही आठवड्यांनी पुन्हा चढवलं. हमाल गोळा झाले. काटा बघून एकजण ओरडला, "आप्पा, उपास पावला बरं का! वाढलंय!"

हे ऐकून डॉक्टर पोट धरून हसले. "अहो, रताळ्यानं आणि शेंगदाण्यानं कोण वाळतंय? माझी बायको एकादशीनंतर जाड होते. गाजर द्या, काकडी द्या, नवलकोल द्या. कच्चं, मोठा तुकडा."

कुत्र्यानं गाजर हुंगलं आणि तोंड फिरवलं. आम्ही सगळे हिरमुसलो. तेवढ्यात आप्पा त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि स्वतःच गाजर कचाकचा खायला लागले. "बघ रं, मी खातोय का न्हाय? गोड हाय की!" कुत्रं बघत राहिलं, पुढं सरकलं, आणि आप्पांच्या हातातलाच तुकडा ओढून घेतला. काय आवाज झाला त्याच्या दातांचा! आई टाळ्या पिटत बाहेर धावली. मग बायांनी भाकरी बंद केली, पण दारातून मोकळं पाठवणं काही जमेना. प्रत्येकीच्या सुपाशेजारी गाजराचे नाहीतर नवलकोलाचे तुकडे दिसायला लागले.

हंगाम तोंडावर आला त्या संध्याकाळी मीही मागं मागं निघालो. निम्म्या वाटेतली कुत्र्याची बसायची जागा आली. आप्पांनी मुद्दाम वळून बघितलं नाही. कुत्र्यानं जागा हुंगली, शेपूट हलवलं, आणि दुडक्या चालीनं आप्पांना मागं टाकून पुढं गेलं! वखारीच्या दाराशी पोहोचून वळून भुंकलं, जणू आम्हालाच उशीर झाला होता.

मालक शेजारच्या कचेरीतून बाहेर आले. "आप्पा, हे तेच का?"

"तेच," आप्पा म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं घाम पुसत त्यांनी दाराची कडी काढली.