हो-नाहीचे प्रश्न

पहिल्यांदा मसाजला जाताना काय काय होतं हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. भाचीने सांगितलं ते एवढंच, "मावशी, काही करायचं नाही, नुसतं पडून राहायचं." पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईला नुसतं पडून राहा म्हणणं म्हणजे शिक्षाच. पण आई जाऊन वर्ष होत आलं होतं, माझा उजवा खांदा आखडला होता आणि वेणी घालायला हात वर जात नव्हता. भाचीने मुरूडजवळच्या एका रिसॉर्टमध्ये परस्पर वेळ ठरवून टाकली. दोन दिवस मी तिला फोनवर बोल लावले आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने गेले.

आधी एक फॉर्म भरायचा असतो. रक्तदाब, साखर, ऑपरेशन आणि शेवटी, शरीराच्या कोणत्या भागाला हात लावायचा नाही. हा प्रश्न मला फार आवडला, कारण असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग एका घमेल्यात कोमट पाणी घेऊन ते तुमचे पाय धुतात. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझे पाय दुसऱ्या कोणी धुतल्याचं आठवतच नाही. मी ते तीनदा मागे ओढले. त्यानंतर खोलीत नेऊन हातात एक लहानशी पुडी दिली. मला वाटलं केसांना घालायची टोपी असेल. उघडली तर कागदी चड्डी! लाजेने अर्धी झाले. पण खरं सांगायचं तर लाज फार वेळ टिकत नाही. अंगावर चादर असते आणि जो भाग चोळायचा तेवढाच उघडा करतात.

मालिश करणारी बाई तिशीची, ईशान्येकडून आलेली. मराठी येत नव्हतं, माझं हिंदी शाळेतल्या पुस्तकापुरतं. तिने मला पालथं झोपवलं. टेबलाला तोंडापाशी एक भोक असतं, त्यात चेहरा ठेवायचा. खाली फरशीवर पाण्याचं भांडं आणि त्यात चाफ्याची दोन फुलं, एवढंच दिसत राहतं.

"मॅडम, एसी ठीक है?"

"हां."

गारठले होते, तरी हां. "प्रेशर ठीक है?" हां. परक्या माणसाने विचारलं की हो म्हणून मोकळं व्हायचं, ही आमच्या घराची रीत. आणि तिचा तळवा मानेखालून पाठीवर उतरला तशी मला आपा आठवली.

आपा म्हणजे खाडीपलीकडच्या दिघीची मालिशवाली. बाळंतिणी आणि बाळं न्हाऊमाखू घालण्यात तिची उभी हयात गेली. आईच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हातापायाला चलनवलन हवं, आणि शेजारणीने आपाचं नाव सुचवलं. ती रोज सकाळी फेरीबोटीने आगरदांड्याला उतरायची आणि चालत आमच्याकडे यायची. खोबरेलात लसूण-ओवा टाकून ते गरम करायची. तासभर आईचा हात, पाय, पाठ चोळताना ती तिला आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगायची. आई बोलू शकत नव्हती. तिची सगळी भाषा गेली होती, एक शब्द सोडून. तो शब्द होता "व्हय".

हा शब्द राहावा हा दैवाने माझ्यावर काढलेला सूड होता. जन्मभर मी वर्गात "व्हय नाही, हो म्हणा" म्हणत आले. आईलासुद्धा पाहुण्यांदेखत टोकायची. आता घरात तोच एक शब्द उरला होता. भूक लागली का? व्हय. पोट भरलं का? व्हय. पंखा लावू? व्हय. बंद करू? व्हय. मी मास्तरीण, मला उत्तर काढून घेण्याची सवय. मुलाच्या तोंडून पाहिजे ते वदवायचं असेल तर हो-नाहीचा प्रश्न विचारायचा, हे मी नव्या शिक्षिकांनासुद्धा शिकवलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मालिश चालू असताना आईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. एक दिवस, दोन दिवस, रोज. माझ्या काळजाचं पाणी झालं. मी पुढे होऊन विचारलं, "आई, दुखतंय?"

"व्हय."

"नको वाटतं?"

"व्हय."

"बंद करू या?"

"व्हय."

झालं. तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. आपा म्हणाली, "बाई, राहू द्या. तिला बरं वाटतंय." मी म्हटलं, आईच्या तोंडून ऐकलंय मी, आता तुमचं काय ऐकू? आपाने तेलाची वाटी पुसली आणि ती गेली. आई त्यानंतर सात महिने होती. मी तिला आरशासारखी लख्ख ठेवली. अंगाला एक जखम होऊ दिली नाही. येणारे-जाणारे म्हणायचे, लेक असावी तर अशी. मलाही तसंच वाटायचं. रोज पुसलं, पावडर लावली, कूस बदलली, आणि कामं उरकली.

इकडे टेबलावर ती बाई माझ्या खांद्यापाशी आली होती. दुखत नव्हतं. तिने नुसता अंगठा फिरवला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. का आलं मला कळेना. दुःख म्हणावं तर तसं काही आठवत नव्हतं. फक्त इतकं जाणवत होतं की कोणीतरी माझ्या अंगाला हात लावून बसलंय आणि त्याला दुसरीकडे कुठे जायची घाई नाही. मला हुंदका आला. तिने हात थांबवला आणि वाकून विचारलं, "मॅडम, दर्द हो रहा है?"

माझं तोंड भोकात दाबलेलं, नाक भरलेलं. तोंडून निघालं, "हां."

"बंद करूं?"

"हां."

तिने हात उचलले. पाठ एकदम गार पडली. मला ओरडून सांगायचं होतं, नाही गं, थांबू नकोस. पण घशातून शब्द फुटेना. मला तर सगळी भाषा येत होती, तरी फुटेना! ती सॉरी सॉरी म्हणत चादर ओढत होती आणि मी त्या चाफ्याच्या फुलांकडे बघत पडले होते. मला जे समजायचं ते समजलं होतं. फक्त ते खोटं निघावं, असं मला फार वाटत होतं.

म्हणून दुसऱ्या सकाळी मी आगरदांड्याहून दिघीची फेरी धरली. आपा अंगणात बोंबील वाळत घालत होती. मला बघून चकित झाली. आधी तिने चहा पाजला, आई गेल्याचं कळलं होतं म्हणाली, अल्लाने सोडवली बिचारीला. माझा खांदा तिच्या नजरेतून सुटला नाही. "हात वर जात न्हाय ना?" म्हणत तिने तो हातात घेतला. मी काढून घेतला आणि विचारलं, "आपा, आईला दुखायचं का हो?"

ती म्हणाली, "खरं सांगू का बरं सांगू?"

"खरं."

"दुखत न्हवतं, बाई. दुखलं असतं तर डाव्या हातानं ढकललं न्हसतं मला? तो हात चांगला व्हता तिचा. त्या दिवशी तिनं माझी ओढणी धरली व्हती."

धरली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं होतं, दुखण्याने मूठ वळली असेल. आपा उठून निघाली तेव्हा ओढणीचं टोक आईच्या मुठीत होतं आणि "सोड आई, त्यांची बोट चुकेल" म्हणत मीच ते सोडवलं होतं, एकेक बोट उचलून. करंगळी काही केल्या सुटत नव्हती. तिला मी जरा जोर लावला होता.