गाणं पार्टी देते

माझा धाकटा भाऊ सलील दिग्दर्शक आहे. कॅमेराही तोच चालवतो, दिवेही तोच लावतो, कापाकापीही तोच करतो, आणि नायिकेच्या नाकावर पावडर लावून तिच्या आईला टॅक्सीत बसवून देणाराही तोच असतो. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर कंपनीच्या नावाखाली 'आणि टीम' असं छापलेलं आहे. ही टीम रोज सकाळी आईच्या हातचे पोहे खाऊन बालीगंजच्या घरातून एकटीच बाहेर पडायची.

तो म्युझिक व्हिडिओ बनवतो, कमी बजेटचे. कोलकात्यात दर दुसऱ्या माणसाला आपल्याला गाता येतं असं वाटतं, आणि माझ्या भावाचं पोट या गैरसमजावर भरतं. कोणी दातांचा डॉक्टर असतो, कोणी निवृत्त मुख्याध्यापिका, कोणी मिठाईवाल्याचा जावई. हे लोक कुठेतरी जाऊन आपलं गाणं ध्वनिमुद्रित करतात आणि पेनड्राइव्हमध्ये घालून सलीलकडे आणतात. त्यांना तो 'पार्टी' म्हणतो. गाणं पार्टी देते, चित्र सलील देतो, असा त्याच्या धंद्याचा नियम आहे. गाणं कसं आहे यावर तो कधी बोलत नाही. "ताई, ते माझं डिपार्टमेंट नाही," म्हणतो. एकट्या माणसाच्या कंपनीत इतकी डिपार्टमेंटं असतात हे मला त्याच्यामुळे कळलं.

आता चित्र म्हणजे काय, तर सगळं सावकाश. सलीलच्या व्हिडिओत केस सावकाश उडतात, कबुतरं सावकाश उठतात, मातीच्या भांड्यात चहासुद्धा सावकाश पडतो. मी एकदा कारण विचारलं. तो म्हणाला, "पार्टी नुसती चालत आली तर दोन सेकंदांत फ्रेमबाहेर जाते. स्लो केली की दहा सेकंद भरतात. शिवाय दुःखी पण दिसते." बजेट कमी असलं की वेग कमी करायचा, हा त्याचा शोध. धुराचं यंत्र परवडत नाही म्हणून दुर्गापूजेतली धुनुची, म्हणजे मातीचं धुपाटणं, पेटवून तो धूर काढतो. त्यामुळे त्याच्या सगळ्या नायिकांचे डोळे भरून आलेले असतात आणि त्यांच्या अभिनयाचं कौतुक होतं. कॅमेरा गडगडत न्यायला चाकांची गाडी लागते, ती त्याने बाबा गेल्यावर चौदाव्या दिवशी शोधून काढली. बाबांची व्हीलचेअर. मी त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते. आई मात्र म्हणाली, "असू दे. नुसती पडून गंजली असती."

सावकाश चित्राची एक गंमत असते. ओठ गाण्याशी जुळायचे तर चित्रीकरणाच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं आणि गाणाऱ्यानेही ओठ दुप्पट वेगाने हलवावे लागतात. नंतर चित्र निम्म्या वेगावर आणलं की सगळं बरोबर बसतं. बराकपूरचे एक सिमेंटवाले पालबाबू विरहगीत घेऊन आले होते, तेव्हा मी हौसेने बघायला गेले. एस्प्लनेडच्या भर फुटपाथवर, मोजे आणि मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांच्या मध्ये, पालबाबू उंदरासारख्या चिरक्या आवाजावर ताडताड तोंड हलवत, छातीवर हात आपटत चालले होते. गाणं सलीलच्या कमरेला बांधलेल्या स्पीकरवर वाजत होतं. एका भल्या माणसाने पालबाबूंना खाली बसवलं आणि पाणी पाजलं. पुढे तो व्हिडिओ बघून पालबाबूंच्या सगळ्या सिमेंटवाल्या मित्रांनी डोळे पुसले म्हणे. सिमेंट डोळ्यांत गेलं की पाणी येतंच.

आमच्या आईने सलीलचा एकही व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला नव्हता. आई, म्हणजे शकुन, मिरजेला गाणं शिकली आणि एकविसाव्या वर्षी लग्न करून कोलकात्यात आली. इथे आमचे आजोबा पोर्टाच्या नोकरीमुळे आधीच रुजलेले होते. आई कधी मोठ्या मैफिलीत गायली नाही. मंडळाच्या गणपतीत गायची, आणि रोज सकाळी घरी गायची. पण गाण्याच्या बाबतीत ती फार काटेकोर होती. कुणी फोन उचलून तिचं गाणं टिपायला लागलं की ती आलाप अर्ध्यावर सोडून पाण्याचा पेला उचलायची. समोर बसलेल्याने ऐकावं, नसलेल्याने आपलं काम करावं, असं तिचं म्हणणं. तिच्या तरुणपणीच्या दोन कॅसेट होत्या, त्या इथल्या दमट हवेने बुरशी लावून केव्हाच खाल्ल्या. सलीलच्या कामाबद्दल तिचं मत एका वाक्याचं होतं. "गाणाऱ्याचा गळा दाखवायचा सोडून कबुतरं कसली दाखवतोस?" पुण्याच्या नातेवाइकांनी सलील काय करतो असं विचारलं की ती "फोटोचं काम" म्हणायची आणि विषय बदलायची.

गेल्या वर्षी वैशाखात तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला आणि सलीलला बाजूला घेऊन सांगितलं, की गाठ आवाजाच्या दोन्ही नसांना चिकटलेली आहे, जीव वाचेल पण आवाज जाईल. आम्ही हे आईला कसं सांगायचं यावर दोन दिवस कुजबुजलो. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "मला सगळं माहीत आहे. मी त्या डॉक्टरला फोन करून विचारलं." मग सलीलकडे वळून म्हणाली, "ऑपरेशन गुरुवारी आहे ना? मंगळवारी सकाळी तुझा कॅमेरा लाव. माझ्या गुरुजींनी बांधलेली भैरवी गाईन. ती मी कुणाला शिकवली नाही, तुम्ही दोघं शिकला नाहीत. एकदा नीट ठेवून दे."

माझ्या भावाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, दहावीला पहिला आल्यासारखा दिसत होता. पंधरा वर्षांत पहिल्यांदा आई त्याच्याकडे काम घेऊन आली होती.

मंगळवारी त्याने काय थाट केला! पहाटेपासून पडदे काढले, घातले, पुन्हा काढले. कुणाकडून तरी चांगला माइक मागून आणला, आईसमोर ठेवला, त्याची वायर कॅमेऱ्यात खोचली. आवाज नको म्हणून पंखा बंद केला. मे महिन्यातला कोलकात्याचा उकाडा, त्यात पंखा बंद. खालच्या मजल्यावर जाऊन त्याने मिक्सर तासभर लावू नका म्हणून हात जोडले. मी आपली माझा फोन चालू करून उशीआड ठेवायला गेले, म्हटलं, असू दे एक जास्तीचं. तर हे दिग्दर्शक माझ्यावर खेकसले, "ताई, प्लीज! हे प्रोफेशनल काम आहे. फोनने डिस्टर्ब होतं. स्विच ऑफ कर आणि बाहेर ठेवून ये." मी ठेवून आले. मला आजही त्या आज्ञाधारकपणाचा राग येतो.

आई अठरा मिनिटं गायली. हिरवी इरकल नेसली होती, कपाळावर घाम होता, मांडीवर तानपुरा. मला गाण्यातलं कळतं तेवढं आईमुळेच कळतं, पण त्या सकाळी काही कळावं लागत नव्हतं. अंतऱ्यात ती वरच्या षड्जावर गेली आणि तिथे थांबली. सूर अंगठीत खडा बसावा तसा बसला होता. मी ढसाढसा रडले. सलील कॅमेऱ्यामागे वाकलेला होता. गाणं संपल्यावर आईने विचारलं, "झालं का रे नीट?" तो म्हणाला, "एकदम फर्स्ट क्लास, आई."

गुरुवारी ऑपरेशन झालं. नवव्या दिवशी आई घरी आली, गळ्याला नळी आणि हातात वही घेऊन. वहीत तिने पहिलं वाक्य मला लिहिलं ते असं, "वृषाली, भाजीला मीठ जास्त आहे." नाकातल्या दुसऱ्या नळीतून जेवण जात असताना तिला वासावरून मीठ कळत होतं. तिसऱ्या दिवशी तिने लिहिलं, "माझं गाणं दाखव." सलील म्हणाला, "अजून एडिट चाललंय." मग रोज हाच खेळ. ती लिहायची, तो एडिट चाललंय म्हणायचा. आठ दिवसांनी मी त्याला गाठलं. गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर बसला होता, दाढी वाढलेली.

"काय भानगड आहे?" मी विचारलं.

त्याने चहाचं भांडं खाली ठेवलं. "ताई, गाणं नाहीये," म्हणाला.

झालं होतं ते असं. त्याच्या कॅमेऱ्यावर एक चाक आहे, त्यावर सावकाश चित्राची एक खूण आहे. त्या खुणेवर चाक असलं की कॅमेरा आवाज घेतच नाही, समोर कितीही चांगला माइक ठेवा. वर्षानुवर्षं चाक तिथेच. मंगळवारीही हात सवयीने तिथेच गेले. आवाज आला की नाही हे बघायची सवय त्याला कशी असणार? आवाज बघण्याचा प्रसंगच कधी आला नव्हता. आणि कहर म्हणजे आई घरी आल्यावर हा एडिटला बसला, मुकं चित्र बघितलं, आणि त्याला काहीच वावगं वाटलं नाही. चित्र मुकंच असतं. त्याने नेहमीप्रमाणे गाण्याचं फोल्डर उघडलं. ते रिकामं होतं. एक क्षण त्याला वाटलं, पार्टीने अजून पेनड्राइव्ह दिला नाही.

"मग आठवलं," तो म्हणाला, "पार्टी आई आहे."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. टपरीवाल्याला मराठी येत नव्हतं, तरी तो दोन पावलं मागे सरकला. पालबाबूंच्या भेसूर गाण्याला सात स्पीकर बदलून बघणारा माणूस, आणि आईच्या गाण्याला एकदा कान लावून बघता आलं नाही? आणि माझा फोन? माझा फोन बाहेर ठेवायला कोणी सांगितलं होतं? शेवटी तो पुटपुटला, "मी सांगतो की हार्ड डिस्क उडाली." मी म्हटलं, "खबरदार. तिने डॉक्टरला स्वतः फोन करून आपला आवाज जाणार हे ऐकून घेतलंय. तिला थापा मारायच्या नाहीत. आज संध्याकाळी सांगायचं, माझ्यासमोर."

संध्याकाळी त्याने सांगितलं. आईच्या पलंगाजवळ जमिनीवर बसून, बंगाली, हिंदी, मराठी सगळ्याची खिचडी करत सांगितलं. दर दोन वाक्यांनी "माझी चूक आहे" म्हणत होता. सांगून झाल्यावर त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. आईने वही उचलली नाही. तिने नुसतं बोटाने लॅपटॉप दाखवला. लाव.

अठरा मिनिटांचं गाणं निम्म्या वेगाने छत्तीस मिनिटं चाललं. चित्र सुरेख होतं, हे मला कबूल करावं लागतं. खिडकीतला उजेड आईच्या अर्ध्या गालावर होता, तिचा हात हवेत फुलासारखा उघडत होता, आणि एकही कबुतर नव्हतं. भावाने आयुष्यात पहिल्यांदा गाणाऱ्याचा गळा दाखवला होता. गळ्यातली शीर न् शीर दिसत होती. फक्त आवाज नव्हता. खोलीत आईच्या नळीतून येणारा श्वास तेवढा ऐकू येत होता. आई सगळं, शेवटपर्यंत, पापणी न हलवता बघत राहिली. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते, कारण तिने रडावं असं मला वाटत होतं आणि तिने रडलेलं मला सोसलं नसतं.

चित्र संपल्यावर तिने वही घेतली आणि बराच वेळ लिहिलं. मग वही सलीलच्या हातात दिली. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून तो मोठ्याने एकेक शब्द वाचत गेला.

"बरं झालं आवाज आला नाही. अंतऱ्यात माझा वरचा षड्ज लागलाच नव्हता. तुला कसं सांगावं याच काळजीत होते. कुणी ऐकलं असतं तर हसं झालं असतं. चित्र छान काढलंस. असंच ठेव."

सलीलने वही मिटली आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. आणि डोळे पुसून, माझ्या दिव्य कानांच्या भावाने काय म्हणावं? "खरं सांगू आई, मला पण त्या दिवशी थोडंसं तसंच वाटलं होतं."

माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं. मी त्या खोलीत समोर बसले होते. तो षड्ज कसा लागला होता हे या जगात दोनच माणसांना माहीत होतं. आणि आईचा सूर म्हणजे काय चीज होती! तिचे तबलजी मधुकरराव, साधा भला माणूस, एकदा चुकून म्हणाले होते की आज गंधार जरा खाली होता, तर त्यांना चार वर्षं आमच्याकडे चहा मिळाला नाही. त्या बाईने स्वतःच्या हाताने, शाईने, आपल्या शेवटच्या गाण्याला बेसूर म्हटलं होतं.

आई माझ्याकडे बघत होती. नळी लावल्यापासून ती डोळ्यांनी बरंच काही बोलायला शिकली होती, पण आता ती हुकूम करत नव्हती, विनंती करत होती.

"हो," मी म्हणाले, "मलाही तेव्हाच जाणवलं होतं. पार घसरली होतीस."

जन्मात मी आईच्या गाण्याला नावं ठेवली ती तेवढी एकदाच, आणि तिने माझा हात धरून ठेवला.