मामूंचा कान

मोटारसायकलचा कार्बोरेटर देवाने फक्त आमच्या मामूंना समजावा म्हणून बनवला, बाकीच्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं फार हाल सोसून झालेलं मत आहे. मामू म्हणजे माझ्या आईचे भाऊ नव्हेत. विजापूर वेशीजवळच्या पत्र्याच्या गॅरेजात बसणारे ते सगळ्यांचेच मामू. ब्रेक, चेन असल्या किरकोळ गोष्टींना ते हात लावत नसत. पेट्रोल आणि हवा ज्या मुठीएवढ्या डब्यात मिसळतात, तेवढा डबा मामूंचा. उरलेली गाडी ही त्या डब्याला हिंडवून आणायची सोय, असं ते समजत.

गिऱ्हाईक आलं की ते गाडी चालू करायला लावत आणि मान तिरकी करून ऐकत. तेवढा वेळ कोणी खोकायचंसुद्धा नाही. एकदा वळसंगचा एक शेतकरी काकुळतीला येऊन सांगत होता, "मामू, चढाला गाडी दम टाकतीया. इंजन खोलावं लागंल म्हनत्यात की."

"तू चुप. ती बोलतेय, तिला बोलू दे." मग मामूंनी कार्बोरेटर खोलला आणि तळाशी साचलेलं चमचाभर पाणी त्याच्याच तळहातावर ओतलं. "हे घे तुझं इंजन. गाडी धुतो, पन टाकीचं झाकन ढिलं ठेवतो."

कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा पितळी तुकडा असतो. त्याचं भोक केसाएवढं. ते हवेनंच साफ करायचं, तार घालायची नाही, हा मामूंचा धर्म. मी पडलो शाळामास्तर, एकदा घरी हुशारी करून स्टोव्हची पिन घातली. भोक मोठं झालं, गाडी काळा धूर ओकत पेट्रोल पिऊ लागली. मामूंनी जेट बदलून दिला, पण तीन महिने माझ्या सलामाला उत्तर दिलं नाही. गाडीशी मात्र बोलत. "मास्तरके हाथ पडी, क्या करती बिचारी."

मग कार्बोरेटर नसलेल्या, सेन्सरच्या हुकमानं पेट्रोल सोडणाऱ्या गाड्या आल्या. मामूंनी पहिल्या अशा गाडीखाली वाकून बराच वेळ शोधलं, उठून टोपी नीट केली आणि मालकाला म्हणाले, "हा मोबाईल आहे. मोबाईलच्या दुकानात ने." गिऱ्हाईक आटत गेलं. तेही त्यांनी सोसलं असतं. जुन्या गाड्या अजून होत्या. पण नेमका तेव्हाच मामूंचा कान गेला.

आधी कोणाला कळलंच नाही. दुरुस्त केलेल्या गाड्या परत येऊ लागल्या. माझी तर सिग्नलला उभी असतानाही किंचाळायची. मी ती घेऊन गेलो. मामूंनी मान तिरकी केली, डोळे मिटले, म्हणाले, "एकदम बराबर." मागून त्यांच्या लेकीनं "अब्बा" म्हणून तीनदा हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली मान घातली.

लेकीनं कानाचं यंत्र आणलं. "गाडीत सेन्सर, आता माझ्या कानात पन सेन्सर? नक्को!" पंधरा दिवस हे चाललं. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यांनी ते घातलं आणि मला गाडी चालू करायला सांगितली. मी किक मारली. मामूंचा चेहरा उतरत गेला.

"सगळं ऐकू येतंय रे. पंखा, रिक्षा, चहावाल्याची कपबशी. पन ह्यात गाडी कुटं आहे?"

पुढल्या आठवड्यात गॅरेजला कुलूप लागलं.

आता दर रविवारी ते आमच्या अंगणात येतात आणि मला शिकवतात. माझ्यासारखा मठ्ठ शिष्य कोणाच्या नशिबी येऊ नये. "स्क्रू पूरा आत, मग दीड फेरा बाहेर. त्याच्या पुढं हातात काय नाही, कानात आहे." आणि माझ्या कानात काही म्हणजे काही नाही. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, मला सगळं सारखंच. चाळीस वर्षांची त्यांची विद्या माझ्यापाशी येते आणि संपते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

गाडी चालू झाली की मामू गाडीकडे बघत नाहीत, माझ्या चेहऱ्याकडे बघतात. तिथं जे दिसेल त्यावरून ते आवाज ओळखतात. म्हणून मी हसतो. मामूही हसतात, रुमालानं हात पुसतात आणि चहा मागतात. त्यांना खरं कळतं की नाही, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.