घाईभाऊंचे पंचेचाळीस दिवस

रुग्णालयाच्या धुलाईघरात मळक्या चादरी निवडणाऱ्या त्या माणसाला सगळे घाईभाऊ म्हणत. चहा निवायच्या आत तोंड भाजून घ्यायचं आणि समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करायचं, हा त्यांचा स्वभाव.

एका दुपारी गठ्ठ्यात राहिलेली सुई त्यांच्या अंगठ्यात घुसली. नेमकी तेव्हाच घाईभाऊंनी घाई केली नाही! पट्टी गुंडाळली नि कुणाला न सांगता पुन्हा चादरी निवडायला लागले.

दहाव्या दिवशी मात्र ती सुई कुणा रुग्णाला टोचलेली असेल, या विचाराने त्यांना राहवेना. गुपचूप एचआयव्हीची तपासणी केली. निगेटिव्ह! उड्या मारत निघालेल्या भाऊंना तपासणीवाल्या बाईंनी परत बसवलं.

"इतक्या लवकर काही कळत नाही हो. सुई टोचल्यापासून पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा या; तेव्हा नसेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासू, तो निकाल खात्रीचा असतो. तोवर निरोध वापरा. आणि त्याच दिवशी का नाही आलात? बहात्तर तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करता आलं असतं."

भाऊंचा चेहरा पडला. घरी त्यांनी आपला कप वेगळा केला, अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. तीन दिवस बायकोने पाहिलं, चौथ्या दिवशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, माझं काय चुकलं ते तरी सांगा."

भाऊंनी सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग चिडली, मग त्यांचा कप आपल्या कपाशेजारी आपटून ठेवत म्हणाली, "कपाने हा आजार होत नाही, एवढं मलाही कळतं. आत झोपायचं."

झोप मात्र येईना. म्हणून भाऊंनी वैद्य असलेल्या थोरल्या बहिणीला गाठलं.

"ताई, रिपोर्ट लवकर यावा असा एखादा काढा दे ना."

ताई खो खो हसली. "अरे वेड्या, आयुर्वेदात कॅलेंडर पुढे ढकलायचं औषध नाही! आणि एचआयव्ही बरा करणारा काढाही माझ्याकडे नाही. तळपायाला कोमट तेल चोळ, ताजं गरम जेव, वेळेवर आडवा हो. जीव थाऱ्यावर राहील. बाकी तपासणीवर सोड."

भाऊंनी इतकं तेल चोळलं की दोनदा न्हाणीघरात घसरले. बायकोने तेलाची बाटली आपल्या ताब्यात घेतली. रोज संध्याकाळी तीच त्यांचे पाय चोळू लागली, आणि भाऊ बोलता बोलता घोरू लागले.

पंचेचाळीसाव्या दिवशी ते तपासणी केंद्राचं दार उघडायच्या आधी पोचले होते. दुपारी बाई म्हणाल्या, "निगेटिव्ह. आता—"

"आता पुन्हा यायला नको!" भाऊंनी वाक्य तोडलं.

"नको," बाई हसल्या, "पण जाड हातमोजे घाला, हे सांगत होते."

भाऊ जिन्यातच बसले आणि बायकोला फोन लावला. पलीकडून "अहो, बोला की," ऐकू येत होतं, पण त्या दिवशी त्यांना एक शब्दही चटकन सुचेना.