शिकाऊ बाईंची नक्कल

शिकाऊ बाईंच्या अंगी एक कला होती आणि तीच त्यांच्या अंगाशी आली. त्या कुणाचीही हुबेहूब नक्कल करायच्या. मामाचं घोरणं म्हणू नका, आत्याचं फोनवर उगाच 'हं हं' करणं म्हणू नका. घरी पाहुणे आले की आई आधी पाणी द्यायची आणि मग लेकीला पुढे करायची.

शाळेत सरावपाठ सुरू झाले तेव्हा त्यांचे पाठ तपासणाऱ्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं, नुसतं 'छान' म्हणून भागत नाही, चूक नेमकी दाखवायची. नेमकी दाखवायची तर शिकाऊ बाईंना एकच वाट ठाऊक होती.

चौथीत एक चष्मेवाली होती. वाचायला रोज पहिला हात तिचा. वाचायची मात्र एका दमात. पूर्णविराम तिच्या गावीही नसायचा आणि श्वास संपला की शब्दाच्या मधेच अडकायची. एकदा तिचं वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आता तू कशी वाचतेस ते ऐक हं." आणि त्यांनी वाचून दाखवलं, अगदी चष्मा वर सरकवण्यासकट. वर्ग पोट धरून हसला. चष्मेवालीही हसली, म्हणून बाईंना वाटलं, पोरीला कळलं. खरं तर वर्ग हसला तेच त्यांना आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो हात वर आला नाही, त्यानंतरही नाही. तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःचीच लाज वाटायला लागली. मोठ्या बाईंना सांगायची हिंमत मात्र झाली नाही.

मोठ्या बाई पाठ बघायला मागच्या बाकावर येऊन बसल्या, त्या दिवशी शिकाऊ बाईंनी मुद्दाम चष्मेवालीलाच वाचायला उठवलं. काय सांगायचं ते घरून ठरवून आणलं होतं: तुझा आवाज खणखणीत आहे, फक्त टिंबाशी थांबत जा.

पोरगी उठली, पण वाचेना.

"बाई, तुम्हीच वाचा ना माझ्यासारखं," ती म्हणाली. "तुम्हाला जास्त छान येतं."

"वाचा ना, बाई," वर्गही म्हणाला.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर परवडला असता. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं, मागच्या बाकाकडे बघवेना. ठरवून आणलेलं वाक्य तोंडातच राहिलं, कारण ते सांगायला आधी पोरीने वाचायला हवं होतं. आणि ती पुस्तक बाईंपुढे धरून, ओळीवर बोट ठेवून, हसायच्या तयारीत उभी होती.