इनिड पॅराशूट बांधते

“उशी हवी असेल तर दुकानातून आण, पॅराशूटवर बसायला आकाशात कशाला जातोस?” असं इनिड एकदा आपल्या नवऱ्याला म्हणाली होती, तेही बिनइंजिनाची विमानं उडवणाऱ्या अख्ख्या ग्लायडर क्लबसमोर.

कुरंबा गावाभोवतीच्या सपाट, गव्हाच्या मुलखात एकतीस वर्षं ती ग्लायडरवाल्यांची, जिवावर बेतलं तर उडी मारायची पॅराशूटं घडी घालून बांधत आली. चर्चच्या हॉलमधलं, एरवी केक मांडायचं लांब टेबल तिला त्यासाठी मिळायचं. आलेलं प्रत्येक पॅराशूट उलगडून दिवसभर तुळईला टांगायचं, दोऱ्या सरळ करायच्या, रबर नवे घालायचे, मग घड्या. आतून काय काय निघायचं! सॉसेज रोलचा चुरा, चघळलेली टॉफी, एकदा उंदराचं भरलेलं घर. मालक म्हणायचे, “वीस वर्षांत कधी उघडायची वेळ आली नाही, म्हणजे उत्तमच आहे.” या तर्कापुढे इनिड हात टेकायची.

नवरा क्लाइव ग्लायडर स्पर्धेत अकरा वेळा जिल्ह्याचा विजेता. यंदा त्याने नवं पॅराशूट घेतलं. किती वजन पेलतं, किती वेगाने खाली आणतं, हे विचारणं त्याला कमीपणाचं वाटलं. त्याने दोनच गोष्टी पाहिल्या : पाठीला पातळ आहे ना, आणि लाल रंग ग्लायडरच्या पंखांशी जुळतो ना. दैवाने पॅराशूट तरीही चांगलं निघालं.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी, ग्लायडर ठेवायच्या हँगरमध्ये, पॅराशूटच्या तपासणी कार्डावर इनिडची सही तेवढी राहिली होती. सहीशिवाय उडता येत नाही. आणि मालकाने ग्लायडरमध्ये पट्टे बांधून बसायचं, ती “पंख तुटला” म्हणाली की बाहेर पडून दाखवायचं, त्याशिवाय ती सही करत नसे. एकट्या क्लाइवने दर वर्षी हे हसण्यावारी नेऊन सही मिळवली होती. यंदा ती हटली नाही.

“पंख तुटला, क्लाइव.”

क्लाइवने काचेचं झाकण भिरकावलं, ग्लायडरचे पट्टे सोडले. आणि रोज उतरल्यावर सोडायचे त्याच सवयीने हातांनी पॅराशूटचेही सोडले. टुणकन उडी मारून तो बाहेर आला. पॅराशूट सीटवर आरामात बसून राहिलं.

“किती लागले?” त्याने ऐटीत विचारलं.

“सात सेकंद,” क्लबचा अध्यक्ष नेव्हिल म्हणाला. “जमिनीपर्यंतचे वेगळे धरायचे, मित्रा.”

हँगरमध्ये जमलेला क्लब हसून लोळला.

“खऱ्या वेळी मी असं थोडंच करणार!”

“पुन्हा,” इनिड म्हणाली.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हात छातीशी जरा थबकला, आणि बकल सोडूनच मोकळा झाला.

“अगं, तुला सही पॅराशूटवर करायचीय, माझ्यावर नाही! त्यात काही खोट आहे का? सांग ना!”

खोट नव्हती. इतकं नेटकं तिनं आयुष्यात बांधलं नव्हतं. कार्डावर क्रमांक होता, तारीख होती, बांधणाऱ्याचं नाव होतं. आत बसणाऱ्या माणसासाठी रकाना नव्हता. उन्हाने छताचे पत्रे तडतडत होते. या हातांशेजारी ती चौतीस वर्षं झोपत आली होती.

तिनं सही न करताच पेनाला टोपण लावलं. पॅराशूट सीटवरून उचलून स्वतःच्या पाठीवर चढवलं, तिन्ही बकलं आवळली.

“इनिड? उद्या पहिलं उड्डाण माझं आहे. अगं, ऐकतेस का?”

ती दारातून उन्हात निघून गेली.