साक्षीदार कोर्टात कसा येतो?

माझ्या आईला भर कोर्टात रडवणारा माणूस आज गेला.

आणि बातमी कळल्यापासून आईनं चहासुद्धा घेतलेला नाही.

जगदाळे साहेब. तेव्हा भोरच्या कोर्टात सरकारी वकील. महातापट.

विंझरला आमच्या शेजारच्या सखूमावशीचा पाय गावातल्याच एकानं चराईच्या भांडणात काठीनं मोडला. आईनं ते डोळ्यांनी पाहिलेलं. सगळी केस तिच्या साक्षीवर.

आणि आई पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली, "म्या काय बगितलं न्हाई."

फितूर!

साहेबांनी तिला असं फैलावर घेतलं की ती ढसाढसा रडली. पण बोलली नाही. आरोपी सुटला. सखूमावशीनं आमच्याशी बोलणं टाकलं.

कोर्ट सुटल्यावर साहेब बाहेर आले. आवाज खाली.
"बाई, का असं केलंत?"

"सायेब, त्यो माज्याच येष्टीत व्हता. विंझरपासनं हितवर शेजारी बसला. म्हनला, तुजी पोरगी साळंला एकलीच जाती न्हवं?"

ती पोरगी म्हणजे मी.

साहेबांनी हातातली फाईल मिटली.
"मी गाडीनं येतो हो. तुम्ही कशानं येता, हे मी कधी विचारलंच नाही."

त्याच आठवड्यात साहेब एसटीनं विंझरला आले. सखूमावशीच्या ओट्यावर बसून, काय घडलं ते सांगून म्हणाले, "यांच्यावर राग धरू नका. केस मी हरलो."

मावशीनं त्यांना चहा दिला. आईला मात्र आणखी महिनाभर तंगवलं!

पुढे साहेब सरकारी वकिलांवरचे मोठे अधिकारी झाले. मी वकील झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांकडून ऐकलं. तपासणीला कुठंही गेले की पहिला प्रश्न ठरलेला.
"तुमचा साक्षीदार कोर्टात कसा येतो?"

कुणी म्हटलं, "सर, समन्स पाठवलंय," की संपलंच.
"समन्सला चाकं असतात का?"

साक्षीदाराच्या येण्याजाण्याची सोय कागदावर आल्याशिवाय साहेब खुर्चीवरून उठायचे नाहीत.

आज मी आईला म्हटलं, पुण्याला साहेबांच्या अंत्यदर्शनाला जायला गाडी करते.

"नगं. येष्टीनंच जायाचं. सखूला हाक मार."

आत्ताच दोघींना बसवून दिलं. मावशी खिडकीला, आई तिच्या शेजारी.

साहेब, तुमची साक्षीदार निघालीय. या खेपेला सोबत चांगली आहे.

शेवटचा नमस्कार.